पुण्याचा उन्हाळा कमी खर्चात : पहाट, दुपार आणि संध्याकाळ यांचे नियोजन कसे करावे

परीक्षा संपत आल्या की पुण्यातल्या बहुतेक घरांत दोन प्रश्न एकदमच उभे राहतात. सुट्टीत मुलांना आणि आलेल्या पाहुण्यांना न्यायचे कुठे, आणि त्यासाठी खर्च किती करायचा? थंड हवेचे ठिकाण, वातानुकूलित मॉल किंवा पाण्याचे खेळ असलेले रिसॉर्ट ही उत्तरे चटकन सुचतात, पण चौघांच्या कुटुंबाला असा एक दिवससुद्धा महिन्याच्या हिशेबात जाणवण्याइतका महाग पडतो आणि त्यातला बराच वेळ गाडीत किंवा रांगेत जातो. हे शहर स्वतःच उन्हाळ्यात अतिशय सुंदर असते आणि त्याचा चांगला भाग फुकट किंवा नाममात्र दरात पाहता येतो, हे मी मनापासून सांगू इच्छितो. त्यासाठी एकच सवय लावून घ्यावी लागते, ती म्हणजे कुठे जायचे हे ठरवण्याआधी किती वाजता जायचे हे ठरवण्याची.

यामागे पुण्याच्या हवामानाचे साधे कारण आहे. शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवर आहे आणि मार्च-एप्रिलमध्ये इथली हवा कोरडी असते. कोरड्या हवेत दिवसा जमीन लवकर तापते, पण सूर्य मावळल्यावर ती उष्णता तितक्याच झपाट्याने निघूनही जाते. त्यामुळे दुपारी चाळीस अंशांच्या आसपास गेलेला पारा पहाटे वीस-बावीसपर्यंत उतरलेला आढळतो आणि संध्याकाळी पश्चिमेकडून घाटावरून येणारा वारा सुटला की उघड्या जागी बसणे सुखाचे होते. मुंबईच्या दमट उन्हाळ्याला जी सोय नाही ती पुण्याला आहे. म्हणून दिवसाचे तीन तुकडे करावेत. पहाटे साडेपाच ते नऊ टेकडी आणि झाडे, अकरा ते पाच दगडी किंवा छताखालच्या जागा, आणि सहानंतर पुन्हा मोकळे आकाश. पुढची सगळी माहिती याच क्रमाने दिली आहे.

आदल्या रात्रीची तयारी

उन्हाळ्यातला स्वस्त दिवस आदल्या रात्री स्वयंपाकघरात ठरतो, कारण बाहेर पडल्यावर सर्वाधिक पैसे पाण्याच्या बाटल्यांवर आणि थंड पेयांवरच खर्च होतात. माणशी किमान दीड लिटर पाणी घरूनच न्यावे. कैरी उकडून तिचा गर काढावा, त्यात गूळ, मीठ आणि वेलदोडा घालून तो घट्ट डब्यात भरून ठेवावा, म्हणजे जिथे पाणी मिळेल तिथे दोन चमचे गर घालून पन्हे तयार होते. काकडी आणि कलिंगडाच्या फोडी सकाळी चिरून न्याव्यात. कापलेली फळे दुपारपर्यंत डब्यात ठेवू नयेत. दहीभात, गूळपोळी, दाण्याची चटणी आणि पोळी हे पदार्थ उन्हात टिकतात, तर बटाट्याची भाजी आणि नारळाची चटणी टिकत नाही. सुती, पूर्ण बाह्यांचे कपडे, टोपी किंवा ओढणी, जुना टॉवेल आणि क्षारसंजीवनीची (ओआरएसची) दोन पाकिटे पिशवीत असली की सामान पुरे झाले. वाळ्याची जुडी घातलेला माठ घरात असेल, तर परतल्यावर फ्रीजच्या गार पाण्याची आठवणही होत नाही.

प्रवास : गाडी घरी ठेवावी

मी हे आग्रहाने सांगतो, कारण तापलेल्या गाडीत बसून पेठांमध्ये पार्किंग शोधण्यात सकाळचा सगळा गारवा वाया जातो. पुणे मेट्रोच्या दोन मार्गिका सुरू आहेत. एक वनाज ते रामवाडी आणि दुसरी पिंपरी-चिंचवड ते स्वारगेट अशी धावते आणि दोन्ही जिल्हा न्यायालय स्थानकावर एकमेकींना मिळतात. मेट्रोचे किमान भाडे दहा रुपये आहे. जिल्हा न्यायालय स्थानकातला भुयारी फलाट जमिनीखाली सुमारे ३३ मीटरवर आहे आणि सरकत्या जिन्यांनी तिथवर उतरत जाणे हाच मुलांना एक कार्यक्रम वाटतो. २०२४ च्या सप्टेंबरअखेर स्वारगेटपर्यंतचा भुयारी मार्ग सुरू झाल्यापासून मंडई आणि कसबा पेठ ही स्थानकेही हाताशी आली, आणि जुने पुणे उन्हाळ्यात पाहण्याची सगळ्यात मोठी अडचण त्यामुळे दूर झाली.

जिथे मेट्रो जात नाही तिथे पीएमपीची बस आहे. २०२५ मध्ये दर वाढल्यानंतर पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीसाठी एका दिवसाचा पास ७० रुपयांना मिळू लागला. चार जणांचे २८० रुपये होतात आणि दिवसभरात तीन-चार टप्पे करायचे असतील तर हा पास रिक्षापेक्षा निश्चित स्वस्त पडतो. एकाच ठिकाणी जाऊन परत यायचे असेल, तर मात्र साधे तिकीट काढावे.

पहाट टेकडीवर

पुण्याच्या टेकड्या हे या शहराचे खरे उन्हाळी वैभव आहे. मेच्या मध्यावर सूर्योदय सहाच्या सुमारास होतो, त्यामुळे साडेपाचला पायथ्याशी असावे आणि उन्हाचा चटका जाणवू लागताच, म्हणजे साडेआठ-नऊपर्यंत, खाली उतरावे. घरात ज्येष्ठ माणसे किंवा लहान मुले असतील तर सुरुवात पर्वतीपासून करावी. १०३ पायऱ्या रुंद आहेत, मध्ये बसायला जागा मिळते आणि वर पोहोचताच सगळे शहर एका नजरेत येते. नानासाहेब पेशव्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यावर इथे देवालय उभारले आणि पानिपतानंतर १७६१ मध्ये त्यांचे देहावसानही पर्वतीवरच झाले. कठड्याशी उभे राहून मुलांना दिशा ओळखायला सांगाव्यात. नैऋत्येला सिंहगडाचा मनोरा दिसतो का, मुठा नदी कुठून कुठे जाते, आपले घर कोणत्या बाजूला येते, हे शोधता शोधता अर्धा तास सहज जातो आणि शहराचा नकाशा डोक्यात पक्का बसतो. उतरल्यावर सारसबाग चालत जाण्याइतकी जवळ आहे. तळ्यातल्या गणपतीचे दर्शन घेऊन हिरवळीवर डबा उघडला की नाश्त्याचा खर्चही वाचतो.

ज्यांना अधिक चालायचे आहे त्यांनी वेताळ टेकडीकडे वळावे. समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीचा तिचा माथा हा पुणे शहरातला सर्वांत उंच भाग आहे आणि लॉ कॉलेज रस्ता, गोखलेनगर, पाषाण, कोथरूड अशा अनेक बाजूंनी वर जाता येते. पहिल्यांदा जाणाऱ्याने ज्या वाटेने चढलो त्याच वाटेने उतरावे, कारण पायवाटा पुष्कळ आहेत आणि चुकीच्या वाटेने भलत्याच उपनगरात उतरल्यास परत येताना ऊन चढलेले असते. एप्रिल-मेमध्ये टेकडी वाळलेली, पिवळी दिसते. पण म्हणूनच पक्षी पाहायला हा काळ उत्तम असतो. पाने झडल्यामुळे फांद्या उघड्या असतात आणि जिथे थोडेफार पाणी शिल्लक आहे तिथे सगळे पक्षी गोळा होतात. तांबटाची एकसुरी ‘टुक टुक’ उन्हाबरोबर वाढत जाते, भारद्वाज झुडपांतून घुमतो आणि मोर दिसला नाही तरी त्याची केका ऐकू येतेच. दुर्बीण नसली तरी चालते. एका जागी पंधरा मिनिटे न बोलता बसायचे आणि ऐकू आलेल्या प्रत्येक वेगळ्या आवाजाची वहीत एक रेघ मारायची, हा खेळ आठ वर्षांचे मूलही मन लावून खेळते.

तीन पथ्ये मात्र कसोशीने पाळावीत. वाळलेल्या गवतात विडी-सिगारेटची ठिणगी पडली तरी वणवा लागतो, त्यामुळे काडेपेटी टेकडीवर नेऊच नये. दगडखाणींत साचलेल्या पाण्यात कितीही मोह झाला तरी उतरू नये, कारण त्यांचे काठ सरळ तुटलेले आणि तळ खोल असतो. आणि अंधारात एकट्यादुकट्याने वर थांबू नये.

तळजाईचे वन, हनुमान टेकडी, चतुःशृंगीची टेकडी हे पर्यायही तितकेच चांगले आहेत. आपल्या घराला जी जवळ ती निवडावी, कारण पहाटेच्या बेतात प्रवास वीस मिनिटांपेक्षा लांबला की उत्साह ओसरतो.

फुललेली झाडे पाहायला एक सकाळ राखून ठेवावी

पुणेकर बहावा फुललेला पाहतात, त्याचा फोटोही काढतात, पण झाडांसाठी म्हणून बाहेर पडत नाहीत, याची मला खंत वाटते. मार्चच्या आरंभी काटेसावर आणि पांगारा, एप्रिलमध्ये जॅकरंडाचा जांभळा आणि बहाव्याचा पिवळाजर्द बहर, त्याच सुमारास ताम्हणाची जांभळट-गुलाबी फुले, मे उजाडला की गुलमोहर आणि सोनमोहर अशी ही रांग जूनपर्यंत चालते. ताम्हण हे महाराष्ट्राचे राज्यफूल आहे, तरीही कित्येकांना ते झाड दाखवता येत नाही. प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता आणि त्यांना जोडणाऱ्या गल्ल्या यांवर जुनी सावली टिकून आहे, तिथे साडेसहा ते साडेआठ चालावे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचा सुमारे ४११ एकरांचा परिसर हा दुसरा पर्याय आहे. तिथली मुख्य इमारत पूर्वी मुंबईच्या राज्यपालांचे निवासस्थान होती, त्यामुळे भोवतीची झाडेही शतकभराची आहेत.

तिकीट काढून पाहण्यासारखी बाग विचाराल तर मी एम्प्रेस गार्डनचे नाव घेईन. रेसकोर्सजवळची ही ३९ एकरांची बाग १८३० मध्ये स्थापन झालेली शेती-बागायतीची एक जुनी संस्था चालवते आणि तिचे प्रवेशमूल्य फार थोडे असते. इथल्या प्रचंड वेली जाड दोरखंडासारख्या एका झाडावरून दुसऱ्यावर गेलेल्या आहेत, आणि भर एप्रिलमध्येही त्यांच्याखालची माती हाताला गार लागते. मुलांना कागद आणि मेणखडू द्यावेत. कागद खोडाच्या सालीवर धरून त्यावर खडू आडवा घासला की सालीची नक्षी उमटते. पाच झाडांची नक्षी जमवून घरी त्यांची नावे लिहिली की सुट्टीतला एक उद्योगही होतो.

दुपार दगडी भिंतींच्या आत

अकरानंतर उघड्यावर राहू नये, हा नियम मोडायचा नाही. पण म्हणून घरी पंख्याखालीच बसायला हवे असे नाही. यंत्राविना गार राहणाऱ्या इमारती कशा बांधाव्यात हे आपल्या पूर्वजांना चांगले ठाऊक होते आणि पुण्यात त्यांचे नमुने अजून उभे आहेत.

जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर हे त्यांतले सर्वांत जुने. आठव्या शतकाच्या सुमाराचे हे लेणे एकसंध कातळात खोदलेले आहे आणि रस्त्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. समोरचा नंदीमंडप गोल छत्रीसारखा असून तोही त्याच खडकातून कोरून काढलेला आहे. अशी गोल रचना लेण्यांत सहसा आढळत नाही. दोन पायऱ्या उतरताच रस्त्यावरच्या वाहनांचा आवाज मागे पडतो आणि आतल्या खांबांपाशी अनवाणी उभे राहिले की पावलांना थंडावा जाणवतो. छिन्नीच्या तिरप्या खुणा भिंतीवर अजून स्पष्ट दिसतात, त्या बोटाने दाखवून मुलांना विचारावे की दगड वरून खाली खोदत आले असतील की खालून वर? मेट्रोच्या छत्रपती संभाजी उद्यान स्थानकापासून चालत येता येते आणि प्रवेशासाठी पैसे लागत नाहीत.

दुपारचे दोन-तीन तास काढायचे असतील तर बाजीराव रस्त्याजवळ नातूबागेतले राजा दिनकर केळकर वस्तुसंग्रहालय पाहावे. मंडई स्थानकावरून ते चालण्याच्या अंतरावर आहे. डॉ. दिनकर केळकर यांनी आयुष्यभर गावोगाव फिरून वीस हजारांहून अधिक वस्तू जमवल्या आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्या संग्रहाला दिले. अडकित्ते, दिवे, वज्री, दौती, वाद्ये, कोरीव दरवाजे अशा रोजच्या वापरातल्या गोष्टींत माणसाने किती जीव ओतलेला असतो हे तिथे दिसते. कोथरूडहून आणून पुन्हा उभारलेला मस्तानी महालही याच इमारतीत आहे. सगळे एका दमात पाहू नये. प्रत्येकाने एकच दालन निवडावे, त्यातली एक वस्तू वहीत काढावी आणि बाहेर पडताना दुसऱ्याला तिची गोष्ट सांगावी, म्हणजे तिकिटाचे पैसे खरोखर वसूल होतात.

आगाखान पॅलेससाठी अर्धा दिवस लागतो. १८९२ मध्ये बांधलेल्या या वास्तूच्या कमानींचे रुंद व्हरांडे भिंतींना ऊन लागू देत नाहीत. ‘छोडो भारत’ आंदोलनानंतर ऑगस्ट १९४२ ते मे १९४४ या काळात महात्मा गांधींना इथेच स्थानबद्ध केले होते. महादेवभाई देसाई आणि कस्तुरबा यांचे निधन इथेच झाले आणि दोघांच्या समाधी आवाराच्या मागच्या बाजूला आहेत. तिथे शांततेनेच जावे आणि ऊन उतरल्यावर, म्हणजे भेटीच्या शेवटी जावे. कल्याणीनगर हे जवळचे मेट्रो स्थानक आहे.

वाचनालये हा दुपारचा सर्वांत दुर्लक्षित पर्याय आहे. १८४८ साली सुरू झालेले पुणे नगर वाचन मंदिर आणि १९११ पासूनचे पुणे मराठी ग्रंथालय ही नावे पुणेकरांना माहीत असतात, पण सुट्टीपुरते सभासदत्व घ्यावे हे सुचत नाही. ज्या मुलाला दोन महिने रोज एक पुस्तक बदलून आणण्याची मुभा आहे, त्याला महागड्या शिबिराची उणीव फारशी भासणार नाही. अप्पा बळवंत चौकात जुनी पुस्तके कमी किमतीत मिळतात. तिथे मात्र दुपारी न जाता सहानंतर जावे. विधी महाविद्यालय रस्त्यावर १९६४ पासून असलेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात अधूनमधून जुने, दुर्मिळ चित्रपट दाखवले जातात, त्यांच्या सूचनांवरही लक्ष ठेवावे.

वर्षातून एकदा भर दुपारी बाहेर

वरच्या नियमाला मी एकच अपवाद करतो. मेच्या १३ किंवा १४ तारखेला पुण्यात शून्य सावलीचा दिवस असतो. पुण्याचे अक्षांश साडेअठरा अंश उत्तर आहेत. उत्तरेकडे सरकणारा सूर्य त्या दिवशी मध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो आणि सरळ उभ्या वस्तूची सावली तिच्या तळाखाली नाहीशी होते. घड्याळात ही वेळ बाराची नसते. आपली प्रमाणवेळ पुण्याच्या पुष्कळ पूर्वेकडच्या रेखावृत्तावरून ठरते, त्यामुळे पुण्याची खरी मध्यान्ह त्या सुमारास साडेबाराच्या किंचित पुढे येते.

प्रयोगाला खर्च काहीच नाही. गच्चीवर सपाट फरशी शोधावी, तिच्यावर पांढरा कागद चिकटवावा आणि मधोमध सरळ कडांचा उभा डबा किंवा पेला ठेवावा. बारा वाजून दहा मिनिटांपासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करावी आणि खुणांमधल्या वेळात जिन्याच्या सावलीत बसावे. साडेबाराच्या आसपास डब्याभोवती सावलीची कडच उरत नाही आणि नंतर ती पूर्वेला उमटू लागते. पायांत चपला आणि डोक्यावर टोपी हवीच, आणि सूर्याकडे थेट पाहायचे नाही हे मुलांना आधीच बजावावे. जुलैच्या अखेरीस हाच योग पुन्हा येतो, पण तेव्हा आभाळ ढगांनी भरलेले असते, त्यामुळे मेची संधी दवडू नये. टिळक स्मारक मंदिरात असलेली, १९४४ साली स्थापन झालेली ज्योतिर्विद्या परिसंस्था ही हौशी खगोलप्रेमींची संस्था आहे आणि ज्यांची गोडी या प्रयोगाने वाढेल त्यांनी पुढे तिच्याकडे वळावे.

खाण्यापिण्याचे थोडे

घरचा डबा असला तरी उन्हाळ्यात दोन-तीन गोष्टी बाहेरच चाखाव्यात. रसवंतीगृहात चरकाला बांधलेल्या घुंगरांचा आवाज दुरून येतो. तिथे आले-लिंबू घातलेला रस डोळ्यांसमोर काढून घ्यावा आणि बर्फाचे पाणी कुठले हे ठाऊक नसल्याने तो बिनबर्फाचा मागावा. १८८६ च्या महात्मा फुले मंडईत मेमध्ये करवंदे, जांभळे आणि रानमेवा पानांच्या द्रोणांत येतो. सकाळी लवकर गेल्यास ताजा मिळतो आणि ती भव्य दगडी इमारतही निवांत पाहता येते. मस्तानी, म्हणजे आइस्क्रीम घातलेले घट्ट दूध, हा पुण्याचा मान असला तरी एक मोठा पेला दोघांना पुरतो. आंबे घ्यायचे असतील तर कृषी पणन मंडळ दरवर्षी पुण्यात भरवते त्या आंबा महोत्सवात शेतकऱ्यांकडून थेट पेटी घ्यावी आणि ती दोन-तीन घरांत वाटून घ्यावी.

संध्याकाळ : व्याख्यान, बाग, नाटक

उन्हाळ्यातल्या पुण्याची सर्वांत मोलाची आणि तरीही कमी खर्चाची गोष्ट कोणती, असे कोणी विचारले तर मी वसंत व्याख्यानमालेचे नाव घेईन. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ मध्ये ती सुरू झाली आणि परंपरेने २१ एप्रिल ते २० मे या काळात टिळक रस्त्यावरील टिळक स्मारक मंदिरात संध्याकाळी व्याख्याने होतात. अर्थकारण, विज्ञान, संगीत, राजकारण, आरोग्य असे विषय रोज बदलतात. आधी संपूर्ण कार्यक्रमपत्रिका मिळवावी, घरातल्या प्रत्येकाने आपल्या आवडीची दोन व्याख्याने निवडावीत आणि त्या दिवशी अर्धा तास आधी जाऊन जागा धरावी. बारा-तेरा वर्षांच्या मुलाला एकदा तरी सोबत न्यावे. त्याला सगळे कळणार नाही, पण दिवसभराच्या कामानंतर इतकी माणसे केवळ ऐकण्यासाठी येऊन बसतात हे त्याने पाहिलेले असेल. घरी येताना त्याला वक्त्याचे कोणते म्हणणे पटले नाही ते विचारावे.

ज्या संध्याकाळी हालचाल हवी असेल, तेव्हा सिंहगड रस्त्यावरील पु. ल. देशपांडे उद्यानात जावे. जपानी पद्धतीने रचलेल्या या दहा एकरांच्या बागेत पाटाचे पाणी वळणे घेत वाहते आणि त्याच्या काठाने वारा गार लागतो. प्रवेशमूल्य किरकोळ आहे. संभाजी उद्यान आणि कमला नेहरू उद्यान मध्यवस्तीत आहेत. महापालिकेच्या बागा दुपारी बंद असतात, हे लक्षात ठेवून वेळ ठरवावी. कात्रजच्या प्राणिसंग्रहालयासाठी सकाळी उघडतानाच पोहोचावे, कारण दुपारी प्राणीही सावली धरून बसतात. बुधवारी ते बंद असते. १९६८ साली उभ्या राहिलेल्या बालगंधर्व रंगमंदिरात सुट्टीत बालनाट्ये होतात आणि मागच्या रांगेचे तिकीट चित्रपटाच्या तिकिटाहून फार वेगळे नसते. सोसायटीच्या आवारात लगोरी आणि विटीदांडू चालू करून देणे तर एखाद्या आजोबांनी मनावर घेतले की झालेच.

पाण्याचा मोह

पोहायला शिकण्यासाठी उन्हाळ्यासारखा काळ नाही. महापालिकेच्या मालकीचे जलतरण तलाव शहराच्या अनेक भागांत आहेत आणि तिथले शुल्क खासगी क्लबपेक्षा बरेच कमी असते. प्रवेश घेण्याआधी एकदा प्रत्यक्ष जाऊन तीन गोष्टी पाहाव्यात. भर तुकडीच्या वेळी जीवरक्षक काठावर उभा असतो का, तळ स्वच्छ दिसतो का आणि शिकणाऱ्यांसाठी उथळ भाग वेगळा आहे का. यांपैकी एकाचेही उत्तर नकारार्थी आले, तर शुल्क कितीही कमी असो, तिथे मुलाला घालू नये. मेमध्ये गर्दी होते म्हणून मार्चमध्येच सकाळची तुकडी मिळवावी.

खडकवासल्याला संध्याकाळी काठावर बसून भाजलेले कणीस खाण्यात मोठा आनंद आहे आणि बसनेही तिथे जाता येते. पण धरणाच्या पाण्यात पाऊलही टाकू नये. उन्हाळ्यात पाणी मागे सरते, काठावर गाळ उघडा पडतो, वरून टणक दिसणारी जमीन पायाखाली खचते आणि दोन पावलांवर एकदम खोली येते. दर उन्हाळ्यात जिवावर बेतते ते पोहता येणाऱ्यांच्याही.

सिंहगड, पण वेळेवर

एक लांबचा बेत करायचाच असेल तर सिंहगड करावा. समुद्रसपाटीपासून तो १३०० मीटरहून थोडा उंच आहे, म्हणजे शहराच्या दुप्पटीहून अधिक, आणि माथ्यावरची हवा त्या मानाने सुखद असते. चढणाऱ्याने अंधार सरतानाच पायथ्याच्या आतकरवाडीतून निघावे; वाटेवर सावली कमी आहे. वर देवटाक्याचे पाणी, ४ फेब्रुवारी १६७० रोजी धारातीर्थी पडलेल्या तानाजी मालुसऱ्यांचे स्मारक, छत्रपती राजाराम महाराजांची समाधी आणि लोकमान्य टिळकांचा बंगला पाहावा. झुणका-भाकरी आणि मडक्यातले दही गडावरच्याच बायकांकडून घ्यावे, कारण त्यांचा संसार त्यावर चालतो आणि चवही तिथल्याच हवेत खुलते. दहापर्यंत उतरायला लागावे.

उष्माघात आणि वळीव

चालताना कोणाला चक्कर, मळमळ किंवा पायांत पेटके आले तर त्याला लगेच सावलीत बसवावे, अंगावरचे कपडे सैल करावेत आणि क्षारसंजीवनीचे पाणी घोटाघोटाने द्यावे. अंग तापलेले आहे आणि माणूस असंबद्ध बोलतो आहे किंवा ग्लानीत जातो आहे असे दिसले, तर तो उष्माघात समजावा. तोंडाने काही पाजू नये, १०८ ला फोन करावा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत ओल्या टॉवेलने मान, काखा आणि जांघा सतत पुसत वारा घालत राहावे.

एप्रिलच्या उत्तरार्धापासून दुपारी तीननंतर वळिवाचे ढग जमू लागतात. ज्या दिवशी सकाळपासून हवा कोंदट असते आणि दुपारी आभाळाच्या कडेला ढगांचे पांढरे डोंगर उभे राहतात, त्या दिवशी संध्याकाळचा टेकडीचा बेत रद्द करून व्याख्यानाला किंवा नाटकाला जावे. टेकडीवर असतानाच गडगडाट ऐकू आला, तर पाऊस पडेपर्यंत थांबू नये. माथा सोडून लगेच उतरायला लागावे. एकट्या उंच झाडाखाली, मनोऱ्याजवळ किंवा तारेच्या कुंपणाला टेकून उभे राहू नये आणि शेवटच्या गडगडाटानंतर किमान अर्धा तास गेल्याशिवाय पुन्हा वर चढू नये.